चिनाराखालचं आसन

फानोदिकोस मेला त्याला अकरा वर्षं झाली, तरी माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही. दर महिन्याला मी त्याच्या थडग्यावर तेल आणि मध ओततो, आणि ओतता ओतता त्याला चार शब्द सुनावतो. थडगं ऐकून घेतं. जिवंतपणी तोही नुसतं ऐकूनच घ्यायचा. उत्तर द्यायची वेळ आली की डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “याला दोन बाजू आहेत.”

माझं नाव ओनासास. सायप्रसमधल्या सोलोइ गावचा. आता मी अथेन्समध्ये, धान्यबाजारामागच्या एका खोलीत लहान पोरांना अक्षरं गिरवायला शिकवतो. पण त्याआधी सव्वीस वर्षं मी अथेन्सच्या बाहेर, इलिसोस नदीकाठच्या फानोदिकोसच्या शाळेत होतो. शिकायला आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो; निघालो तेव्हा दाढी पांढरी झाली होती आणि दोन दात गेले होते.

त्या शाळेची शिकवण एका वाक्यात सांगता येते. कुठल्याही गोष्टीला ‘हो, हे असंच आहे’ असं म्हणायचं नाही. आधी एक बाजू मांडायची, मग तितक्याच ताकदीने दुसरी. दोन्ही नीट ऐकायच्या. जिकडचं पारडं जड दिसेल तिकडे तेवढ्यापुरतं झुकायचं, आणि तेसुद्धा ‘जड दिसतंय’ म्हणून. ‘जड आहे’ म्हणून नाही. शहरातले लोक आमची टिंगल करायचे. मी मासळीबाजारात गेलो की एक जाडी कोळीण शेजारणीला ओरडून सांगायची, “अगं, याला मासा ताजा आहे का विचारू नकोस. हा सांगेपर्यंत तो सडेल!” सगळा बाजार हसायचा. मी मासळी घेऊन परत यायचो, कारण शाळेत मासळी आणणारा दुसरा कोणी नव्हता.

तेच सांगायचंय मला. दुसरा कोणी नव्हता. फानोदिकोसने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. तो बोलायचा, मी लिहायचो. त्याच्या नावावर आज पुस्तकांचे जे चाळीस गुंडाळे आहेत, त्यांतलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं. नव्या पोरांना पहिली दोन वर्षं मी शिकवायचो, कारण फानोदिकोसला नवी पोरं सहन होत नसत. शेवटच्या तीन वर्षांत त्याचे पाय गेले. तेव्हा रोज सकाळी त्याला पाठीवर घेऊन घरातून चिनाराखाली मी आणायचो आणि दगडी आसनावर ठेवायचो. हा सगळा हिशेब मी कुणाला ऐकवला नव्हता. मला वाटायचं, दिसतंच आहे की सगळ्यांना.

आणि लिसिथेओस? तो माझ्याच वर्षी शाळेत आला. अथेन्सचा पिढीजात नागरिक, वडिलांची ऑलिव्हची बाग, खांद्यापर्यंत केस, दिसायला असा देखणा की पंचेचाळिशीतही बायका वळून बघायच्या. सव्वीस वर्षांत त्याने काय केलं? जेवला. दुपारी झोपला. पोरांनी प्रश्न विचारला की म्हणायचा, “बघू. तुला काय वाटतं?” पोरगा बोलत सुटायचा आणि हा शेंगा सोलत बसायचा. त्याला मी कधी रागावलेला बघितला नाही. सगळ्यांना तो आवडायचा. मलाही आवडायचा, हे कबूल करायला हवं. पण एखादा माणूस आवडणं वेगळं आणि त्याच्या हातात शाळा देणं वेगळं.

फानोदिकोस अंथरुणाला खिळला तेव्हा द्राक्षं खुडायचे दिवस होते. शेवटच्या आठवड्यात मी त्याला सरळ विचारलं. खोलीत आम्ही दोघं आणि स्वयंपाकीण थ्रात्ता. ती त्याला चमच्याने बार्लीची पेज भरवत होती.

“गुरुजी,” मी म्हणालो, “तुमच्यानंतर आसनावर कोण?”

त्याने पेज गिळली. मग म्हणाला, “एक बाजू अशी, की तू बसावंस.”

असं काही तो माझ्याबद्दल बोलला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

“आणि दुसरी बाजू अशी...” तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला. खोकला थांबला तेव्हा त्याला झोप लागली होती.

“अहो, उठा!” मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्याच्या खांद्याला धरून हलवलं.

थ्रात्ताने चमच्याने माझ्या हातावर मारलं. “मरू द्या की त्यांना शांतपणे,” ती म्हणाली. “जन्मभर त्यांनी बाजार केव्हा भरतो ते कधी धड सांगितलं नाही, आणि तुम्हाला आता आसनाचं उत्तर हवंय.”

चार दिवसांनी तो गेला. दुसरी बाजू काय होती ते सांगितलंच नाही. मृत्युपत्रात एवढंच होतं: बाग, घर आणि पुस्तकं माझे शिष्य ज्याला निवडतील त्याच्याकडे जावीत, निवड शाळेच्या रीतीने व्हावी.

शाळेची रीत अशी. आसनासाठी शाळेतली सगळ्यांत जुनी दोन माणसं उभी राहतात. बोलताना कोणीही स्वतःसाठी बोलायचं नाही; दुसऱ्यासाठी बोलायचं. मी लिसिथेओसची बाजू मांडायची, त्याने माझी. शाळा सुरू करणाऱ्या म्हाताऱ्याने हा नियम केला, कारण त्याचं म्हणणं होतं की ज्याला समोरच्याची बाजू मनापासून मांडता येत नाही, त्याला या आसनावर बसायचा हक्क नाही. दोन्ही भाषणं झाली की शिष्य उठतात आणि ज्याची बाजू जड दिसते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात. डोकी मोजायची, झालं. फानोदिकोसही असाच निवडला गेला होता. तो त्याच्या विरोधातल्या माणसासाठी किती सुंदर बोलला होता, याच्या गोष्टी आम्ही नव्या पोरांना सांगायचो. मीच सांगायचो.

नवव्या दिवशी आम्ही थडग्यावर नैवेद्य दाखवला. दहाव्या दिवशी सकाळी सगळे चिनाराखाली जमले. एकोणीस शिष्य. अर्धगोल दगडी बाकावर दाटीवाटीने बसलेले, मांडीवर मेणाच्या पाट्या. मधलं आसन रिकामं. त्यावर चिनाराची दोन पिवळी पानं पडली होती आणि ती उचलायची कुणाची हिंमत होत नव्हती.

आदल्या दिवशी मी ठरवलं होतं की लिसिथेओससाठी नीटनेटकं पण मोजकं बोलायचं. खोटं नाही, वाईट नाही, नुसतं मोजकं. एखादं भाषण जरा फिकं झालं तर त्यात काय पाप? आणि लिसिथेओस माझ्याबद्दल बोलेल तेव्हा त्याला मुद्दे शोधावे लागणार नाहीत, हे मला माहीत होतं. चाळीस गुंडाळे समोर फळीवर होते. मी शिकवलेली एकोणीस डोकी समोर बसली होती. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

हाडाचे फासे टाकले. पहिली पाळी लिसिथेओसची आली.

तो उठला. केस मागे सारले. माझ्याकडे बघून हसला.

“ओनासासबद्दल मी काय सांगू?” तो म्हणाला. “गुरुजींनी जे शिकवलं ते सगळं त्याला पाठ आहे. तो बसला तर शाळा आहे तशीच चालू राहील. आणखी काही बोललो तर तो माझ्यावर चिडेल, आणि नाही बोललो तरी चिडेल, तेव्हा बसतो.”

पोरं हसली. तो खरंच बसला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. सव्वीस वर्षं! आणि तीन वाक्यं! पाठ आहे म्हणे. एखादा पोपट पाळलाय का यांनी? पाठीवरून म्हाताऱ्याला वाहून नेलं, त्याचं एक वाक्य नाही. चाळीस गुंडाळे नाहीत. थंडीत शाई गोठायची तेव्हा ती काखेत धरून मी लिहायचो, ते नाही. मी त्याच्या जागी असतो आणि मला माझ्याबद्दल बोलायचं असतं तर सूर्य डोक्यावर येईपर्यंत बोललो असतो! आणि राग नुसता अपमानाचा नव्हता. भाषण वाईट होतं, याचाही राग होता. इतकं वाईट, आळशी, बिनकण्याचं भाषण या चिनाराखाली कोणी कधी केलं नव्हतं.

मी उठलो. थांब म्हटलं, दुसऱ्या माणसाची बाजू कशी मांडतात ते दाखवतो तुला.

हे ‘दाखवतो तुला’ मला नडलं.

“मित्रहो,” मी म्हणालो, “पहिली गोष्ट जमिनीची. या शहरात परक्या माणसाच्या नावावर वीतभर जमीन होत नाही. ही बाग, ते घर, हा चिनार, सगळं नागरिकाच्याच नावावर राहू शकतं. ओनासास सोलोइचा. उद्या तो आसनावर बसला आणि परवा एखाद्या शेजाऱ्याने कोर्टात दावा लावला, तर तुम्ही पाट्या घेऊन कुठे जाणार? लिसिथेओसचा पणजा याच नदीकाठी पुरलेला आहे.”

या मुद्द्याला चांगलं उत्तर आहे. दोन नागरिक विश्वस्त म्हणून नेमायचे, जमीन त्यांच्या नावावर ठेवायची, शाळा कोणीही चालवावी. शहरात हे सर्रास चालतं. पण ते उत्तर द्यायचं काम लिसिथेओसचं होतं, आणि तो शेंगा सोलत होता.

“दुसरी गोष्ट,” मी म्हणालो, आणि आता माझा आवाज मोकळा झाला होता. “ओनासासला तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा काय होतं? तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असतं. बरोबर उत्तर. दोन्ही बाजूंसकट. तुम्ही ते लिहून घेता आणि जेवायला जाता. लिसिथेओसला विचारता तेव्हा काय होतं? तो म्हणतो, बघू, तुला काय वाटतं? मग तुम्हाला जेवण सुचत नाही. तीन दिवस डोकं खाजवत फिरता. आता मला सांगा, या दोघांपैकी शिक्षक कोण?”

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतला युदोरोस मान वर करून माझ्याकडे बघत होता. हा युदोरोस माझा सगळ्यांत आवडता. र्‍होडसहून आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, आता बावीसचा. एवढं लख्ख डोकं मी दुसरं बघितलं नाही. त्याची पाटी मांडीवरून घसरली होती आणि त्याला भान नव्हतं. हे चांगल्या भाषणाचं लक्षण असतं.

मला तिथेच थांबायला हवं होतं. मला दिसत होतं काय चाललंय ते. त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी सरकत होतं. पण तिसरा मुद्दा जिभेवर आला होता आणि तो इतका सुंदर होता की तो गिळणं मला जमलं नाही. असा मुद्दा वर्षा-दोन वर्षांत एकदा सुचतो. ज्याला सुचलाय त्यालाच कळेल.

“आणि शेवटची गोष्ट. आपण कशाबद्दलही खात्री बाळगत नाही. मग या आसनावर कोणी बसावं? ज्याला ते हवंच आहे त्याने? ओनासासकडे बघा.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “याची खात्री आहे की हे आसन याचं आहे. सव्वीस वर्षं खात्री आहे. आत्ता, बोलतानासुद्धा, याच्या मानेची शीर फुगली आहे, दिसतेय ना? ज्या माणसाला इतकी खात्री आहे, तो शाळेच्या शिकवणीबाहेर केव्हाच गेला. आणि लिसिथेओसला विचारा, तुला हे आसन हवंय का. विचारा.”

कोणीतरी खरंच विचारलं.

“बघू,” लिसिथेओस म्हणाला.

तेव्हा मात्र सगळी हसली, आणि त्या हसण्यात निकाल होता. मी खाली बसलो. भाषण अप्रतिम झालं होतं, हे मला माहीत होतं, आणि मी काय करून बसलोय हेही माहीत होतं. लोक आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतात, पण इतका नेम धरून कोणी मारली नसेल.

पोरं उठली.

पहिला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला तो परामोनोस. हा जाडा पोरगा वर्गात झोपायचा, आणि आत्ताच जागा झाला होता. गालावर बाकाच्या दगडाची खूण होती. त्याच्या मागून दोघे भाऊ आले. त्यांना मी सणाच्या दिवशी घरी सोडायचो म्हणून ते मला मानायचे. मग आणखी चौघे. कोण ते सांगत नाही, आता शहरात त्यांना मान आहे. पण दोन्ही बाजू एका दमात मांडता येणारा त्यांत एकही नव्हता. ते सात जण भाषण ऐकायला आलेच नव्हते. त्यांनी घरूनच ठरवलं होतं: ओनासास बसणार, तर त्याच्या बाजूला दिसलेलं बरं.

आणि माझी पोरं, ज्यांच्यावर मी रक्त आटवलं होतं, ज्यांना मांडणी, खोडणी, तोलणं, सगळं हाताला धरून शिकवलं होतं, ती एकेक करून उठली आणि लिसिथेओसकडे गेली. बारा जण. युदोरोस शेवटी उठला. तो मध्ये थोडा थांबला. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मी मनात म्हणालो, ये. अथेन्सचे लोक घालतात तशी कुत्र्याची शपथ घातली, ये. तो लिसिथेओसकडे गेला.

“अरे, हे काय झालं?” लिसिथेओस म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. सालं मांडीवरून खाली सांडली. “ओना, अरे, मला उद्या सकाळी काय शिकवायचंय? माझ्याने नाही होणार रोज उठून.”

“तू मुद्दाम केलंस,” मी म्हणालो. “तीन वाक्यं. मला पेटवायला.”

“नाही रे. मला खरंच आणखी काही सुचलं नाही.”

“सव्वीस वर्षांत तुला माझ्याबद्दल तीनच वाक्यं सुचली?”

“तू समोर उभा होतास,” तो म्हणाला. “तू समोर असलास की कुणालाच काही सुचत नाही, ओना. उद्याचा पाठ तू घे ना. तुझ्याशिवाय इथे शिकवणार कोण?”

मी पाठ फिरवली. घरात गेलो तर थ्रात्ता मसूर निवडत होती. तिने वर न बघता म्हटलं, “इथवर ऐकू येत होतं. चांगलं बोललात.” मी दार आपटलं.

दुपारी मी युदोरोसला नदीवर गाठलं. तो घडा भरत होता. उन्हाळ्याने इलिसोस आटली होती, एका डबक्यात वाटी बुडवून बुडवून भरावं लागत होतं.

“ऊठ,” मी म्हणालो. तो उठला. “का?”

“काय का, मास्तर?”

“माहितेय तुला काय. तिकडे का गेलास?”

“त्यांची बाजू जड दिसली म्हणून.”

“ती त्याची बाजू नव्हती, गाढवा! ती मी मांडली होती! रीत आहे म्हणून मांडली होती!”

“हो. आणि तुमची त्यांनी मांडली. ती हलकी होती.” तो शांतपणे बोलत होता, मी शिकवलं होतं तसं, आधी समोरच्याचं म्हणणं पुन्हा सांगून. “दोन्ही ऐकायच्या आणि जड दिसेल तिकडे झुकायचं. कोण मांडतोय ते बघायचं नाही. पाच वर्षं तुम्ही हेच शिकवलंत.”

“जमिनीच्या मुद्द्याला उत्तर आहे, ते तुला सुचलं नाही?”

“सुचलं. दोन विश्वस्त. पण ते कोणी मांडलं नव्हतं. न मांडलेलं धरायचं नाही.”

हेही मीच शिकवलं होतं. अगदी याच शब्दांत.

“बरं,” मी म्हणालो. “भाषणं सोड. तुझं तू सांग. आज सकाळी चिनाराखाली यायच्या आधी तुला काय वाटत होतं? कोणी बसावं?”

“तुम्ही.”

“आणि दोन्ही भाषणं ऐकल्यावर?”

“तरी तुम्हीच.” त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता. “मला दुसरं कोणी नकोच होतं, मास्तर. पण मला वाटतं, हा काही पुरावा नाही.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. सव्वीस वर्षांत मी एकाही शिष्यावर हात उचलला नव्हता. ओरडायचो, पाट्या फेकायचो, पण हात कधी नाही. घडा लवंडला आणि तासभर खपून भरलेलं पाणी डबक्यात परत गेलं. तो गालाला हात लावून उभा राहिला. रडला नाही. मग वाकून वाटी उचलली आणि पुन्हा पाणी भरायला लागला.

मी उरलेल्या अकरा जणांनाही गाठलं. एकेकट्याला, बागेत, अंगणात, एकाला तर संडासाच्या वाटेवर. सगळ्यांना तोच प्रश्न. तुला काय वाटत होतं? अकराच्या अकरा जणांनी खाली बघत तेच सांगितलं. तुम्ही, मास्तर. तुम्हीच. एक जण म्हणाला की तुमची भीती वाटते, तरी तुम्हीच. म्हणजे सात माझ्या शेजारी उभे होते आणि बारांना मी हवा होतो. एकोणीसच्या एकोणीस! त्या बागेत त्या दिवशी लिसिथेओस बसावा असं वाटणारा एकही माणूस नव्हता. लिसिथेओसलाही वाटत नव्हतं. आणि आसनावर लिसिथेओस बसला होता.

आणि हा सगळा प्रताप कुणाचा? मेलेल्या म्हाताऱ्याचा, ज्याने एक शब्द बोलायचा नाकारला. त्या रीतीचा. आणि माझा. मी इतकं चांगलं शिकवलं नसतं तर आसन माझं होतं. एखादा वर्ग मी अर्धवट सोडला असता, एखाद्या वर्षी कंटाळा केला असता, बारांतल्या तिघांना जरी थोडं मठ्ठ राहू दिलं असतं तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिनाराखाली गेलो. एकोणीस जण बसले होते. लिसिथेओस आसनावर होता, एक पाय खाली सोडून, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखा. मला बघून त्याला हायसं वाटलं.

“आला,” तो म्हणाला. “आज ओनासास पाठ घेईल.”

युदोरोसचा डावा गाल सुजला होता. तो नेहमीच्या जागी होता, पहिल्या रांगेत, पाटी मांडीवर.

“आजचा विषय,” मी म्हणालो. “काल तुम्ही जे केलंत ते चूक होतं.”

लेखण्या मेणावर टेकल्या. मी बोलायला लागलो.

काल जे लिसिथेओसने बोलायला हवं होतं ते सगळं बोललो. जमिनीचा मुद्दा दोन वाक्यांत खोडला. चाळीस गुंडाळ्यांबद्दल बोललो, काखेतल्या शाईबद्दल बोललो, पाठीवरच्या म्हाताऱ्याबद्दल बोललो, त्याची हाडं कशी टोचायची तेही सांगितलं. म्हणालो, हो, मला राग येतो. तुमचा एक शब्द चुकला तरी येतो, कारण तुम्ही बरोबर व्हावं याची मला पर्वा आहे; ज्याला राग येत नाही त्याला पर्वा नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणालो, मला हे आसन हवं होतं. पोटातून हवं होतं. शाळेवर जीव असलेल्या माणसाला ते हवं नसेल तर कुणाला हवं असेल? म्हणालो, तुम्हाला जे वाटत होतं ते खरं होतं, आणि ते तुम्ही माझ्या तोंडच्या तीन चलाख मुद्द्यांसाठी फेकून दिलंत. मी इतकं खरं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ऊन चिनाराच्या पानांतून खाली उतरलं, बाकावर आलं, पोरांच्या पायांवर आलं. परामोनोससुद्धा जागा होता.

मी थांबलो.

एकोणीस जणांनी नेहमीप्रमाणे पाटीच्या मधोमध रेघ ओढली, लेखणी उरलेल्या अर्ध्या भागावर आणली आणि माझ्याकडे बघत राहिले.

युदोरोसने हळूच विचारलं, “आणि दुसरी बाजू, मास्तर?”

“नाही,” मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी दम घेतोय. तो थांबला. सगळेच थांबले.

“नाही म्हणतोय ना! याला दुसरी बाजू नाही!”

लिसिथेओसने खाली सोडलेला पाय वर घेतला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग अगदी हळू, समजावल्यासारखा म्हणाला, “ओना, ते इथे चालत नाही रे.”

प्रमुख म्हणून त्याने दिलेला हा पहिला निर्णय, आणि तो बरोबर होता. अजून शोधतोय, त्यात मला एक चूक सापडलेली नाही.

मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि फाटकाकडे चालू लागलो. वाटलं, युदोरोस तरी मागून येईल. बारांतला एखादा तरी येईल. फाटकाशी वळून बघितलं. एकोणीसच्या एकोणीस जण तसेच बसले होते, पाट्या मांडीवर, अर्धं मेण कोरं. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, ही सवय त्यांना मीच लावली होती.